वकीलपत्र कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'ग्रामीण नेतृत्व आणि निवडणुका' असा विषय दिला आहे. विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि म्हणूनच त्यातून हाती फारसे काही लागत नाही. तेव्हा मी आज एकाच माणसाच्या कारकीर्दीविषयी बोलणार आहे. गाझियाबादच्या दिवाणी न्यायालयात वकिली करणारा एका कुळाचा मुलगा १९३७ साली विधानसभेच्या निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला आणि बेचाळीस वर्षांनी देशाचा पंतप्रधान झाला. चौधरी चरणसिंग यांच्याविषयी मी बोलतो आहे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. सन्मान झाला की चिकित्सा थांबते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. समाजवाद्यांना मात्र ही सवलत घेता येणार नाही. हा माणूस कधी आपला सहकारी होता, कधी प्रतिस्पर्धी होता, आणि त्याच्या यशापयशात आपलाही वाटा आहे.

प्रथम वकिलीविषयी. शेतकऱ्याच्या घरात 'वकील' हा शब्द कसा उच्चारला जातो, हे आपल्यापैकी खेड्यातून आलेल्यांना ठाऊक आहे. माझे वडील बांधाच्या एका दाव्यासाठी अकरा वर्षे तालुक्याला तारखेला जात होते. फडक्यात भाकरी बांधलेली असे, आणि वकीलसाहेबांसाठी कधी भुईमुगाच्या शेंगांचे गाठोडे. कोर्टात काय चालले आहे, हे त्यांना कधीच नीट उमगले नाही. पुढची तारीख तेवढी समजे. सरकार म्हणजे कागद, आणि तो कागद वाचू शकणारा आपल्या बाजूचा एकमेव माणूस म्हणजे वकील, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची नव्हती.

इंग्रजी अमदानीत दिवाणी न्यायालय हे शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन हातची जाण्याचे ठिकाण होते. १८७५ साली सुप्यात आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील इतर गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा राग सावकारावर जेवढा होता, तेवढाच त्याच्या हातातल्या कागदावर होता. त्या दंग्यांमुळेच १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, सावकाराच्या जोडीला जमीनदारही होता. आपल्याकडे, कोकणातील खोतीसारखे अपवाद सोडले तर, रयत सारा थेट सरकारात भरी. तिकडे सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये जमीनदार बसलेला होता. त्याच्या हाती लगान होते आणि बेदखलीचे हत्यार होते. जमीनदाराखाली कूळ, कुळाखाली पोटकूळ, आणि सर्वांत तळाशी ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही असा शेतमजूर. ही चार पायऱ्यांची उतरंड आपण लक्षात ठेवावी. चरणसिंगांच्या कारकीर्दीचे मोजमाप मी याच उतरंडीने करणार आहे.

मेरठ जिल्ह्यातील नूरपूर गावी २३ डिसेंबर १९०२ रोजी एका जाट कुळाच्या घरात त्यांचा जन्म झाला. आग्र्याला त्यांनी इतिहासात एम.ए. केले, पुढे कायद्याची पदवी घेतली आणि १९२८ साली गाझियाबादला वकिली सुरू केली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सहा महिन्यांची शिक्षा भोगली. ज्या काळात काँग्रेसमधील बहुतेक नामवंत वकील मोठ्या शहरांतून आणि मोठ्या घरांतून येत, त्या काळात हा वकील कुळाच्या झोपडीतून आला होता. पुढाऱ्यांनी शेतकऱ्यांविषयी बोलावे आणि शेतकऱ्यांनी ऐकावे, हा रिवाज त्याने मोडला.

१९३७ च्या निवडणुकीत ते छपरौलीतून निवडून आले. ही निवडणूक १९३५ च्या कायद्याखाली झाली आणि त्या कायद्याने मताचा अधिकार सर्वांना दिलेला नव्हता. सारा, खंड, कर किंवा शिक्षण यांच्या आधारे मतदार ठरत. याचा अर्थ असा की, ज्याच्या नावावर जमिनीचा काही ना काही कागद होता त्याला मत मिळाले, आणि भूमिहीन मजूर बहुतांशी याद्यांच्या बाहेर राहिला. म्हणजे गाझियाबादच्या न्यायालयात जो या वकिलाचा पक्षकार होता, जवळजवळ तोच छपरौलीत त्याचा मतदार झाला. १९५२ पासून प्रौढ मतदान आले, मतदार बदलला. परंतु पहिले वकीलपत्र ज्याचे घेतले, त्याच्यावरची नजर चरणसिंगांनी अखेरपर्यंत हलू दिली नाही. त्यांचे थोरपण यात आहे, आणि त्यांची मर्यादाही यातच आहे.

थोरपण आधी पाहू. विधानसभेत गेल्यावर बहुतेक उमेदवार भाषणे करतात. या वकिलाने कायद्यांचे मसुदे केले. १९३८ साली त्यांनी शेतमालाच्या बाजारांचे नियमन करणारे खासगी विधेयक आणले. मापात मारलेली कसर, मनमानी कडता, दलालाची गुप्त बोली, या गोष्टींची जाण त्यामागे होती. १९३९ च्या कर्जविमोचन विधेयकाच्या घडणीत त्यांचा प्रमुख भाग होता. त्याच वर्षी त्यांनी काँग्रेस विधिमंडळ पक्षापुढे असा प्रस्ताव ठेवला की सरकारी नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात. शेतकऱ्याविषयीचे निर्णय घेणारा अधिकारी जर कधी शेताच्या बांधावर उभाच राहिलेला नसेल, तर कायदा कितीही चांगला असो, तो बांधापर्यंत पोहोचणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रस्ताव मान्य झाला नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम जमीनदारी निर्मूलनाचे. १९५० चा कायदा १ जुलै १९५२ पासून अमलात आला. कुळाने वार्षिक खंडाच्या दहापट रक्कम भरली की तो भूमिधर होई. न भरली तरी 'सीरदार' म्हणून त्याचा ताबा कायम राही. कागदावर सुटलेली एक पळवाट पुढे शंभर बेदखल्यांना जन्म देते, हे वकिलीत शिकलेले मंत्री म्हणून त्यांच्या उपयोगी पडले. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे मालक ठरली. परंतु मधल्या काळात स्वखुशीच्या राजीनाम्यांच्या नावाखाली किती कुळे जमिनीवरून उठली, हे महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. तिकडे हजारो पटवाऱ्यांनी दबावासाठी एकदम राजीनामे दिले, तेव्हा चरणसिंगांनी ते मुकाट्याने मंजूर केले आणि लेखपालांची नवी यंत्रणा उभी केली. जमिनीची नोंद ज्याच्या हाती त्याच्या हाती गाव, हे ते ओळखून होते.

याच काळातील आणखी एक गोष्ट त्यांच्या टीकाकारांकडून बहुधा सांगितली जात नाही. कुळाच्या हाताखाली जमीन कसणारी जी पोटकुळे होती, त्यांना कायद्याने 'अधिवासी' म्हटले आणि १९५४ च्या दुरुस्तीने सीरदारीचे हक्क दिले. यांत मागास आणि दलित जातींतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्या मध्यम शेतकऱ्याचे वकीलपत्र चरणसिंगांकडे होते, त्यालाच ही दुरुस्ती जाचक होती. तरीही ते तिच्या बाजूने उभे राहिले. उतरंडीच्या तीन पायऱ्या हा माणूस उतरला, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याच वर्षी त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सुचवले की, जातीबाहेर विवाह करणाऱ्यांनाच राजपत्रित नोकऱ्या द्याव्यात. नेहरूंनी सूचना नाकारली. ज्यांना निव्वळ 'जाट नेता' म्हणून निकालात काढले गेले, त्यांनी हे लिहिले होते.

१९५९ च्या जानेवारीत नागपूर काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. साक्षात नेहरू ठरावाच्या बाजूने असताना चरणसिंग विरोधात बोलले. काही महिन्यांत ते राज्याच्या मंत्रिमंडळाबाहेर होते. सामुदायिक शेतीविरुद्धचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. आपल्याकडील अनेकांनी त्यांना तेव्हा प्रतिगामी ठरवले. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला सांगितले पाहिजे की, त्यांचा मूळ मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. ज्या देशात जमीन थोडी आणि माणसे पुष्कळ, तिथे दर माणशी उत्पादनापेक्षा दर एकरी उत्पादन महत्त्वाचे; आणि ते लहान शेतकऱ्याच्या घरच्या कष्टाने अधिक निघते. शेतव्यवस्थापनाच्या सरकारी पाहण्यांतून हेच दिसत होते, आणि १९६२ साली अमर्त्य सेन यांनी 'इकॉनॉमिक वीकली'तील लेखात त्याची चर्चा केल्यावर तो विषय विद्यापीठांतून वर्षानुवर्षे गाजत राहिला. त्या वादात वकील बरोबर होता आणि योजनाकार चुकले होते.

आता मर्यादेकडे वळू. जो मुद्दा लहान शेतकऱ्याच्या बाजूने एवढा बिनतोड होता, त्यात चौथ्या पायरीवरच्या माणसाला जागा नव्हती. चरणसिंगांचे म्हणणे असे की, सर्वांना वाटून पुरेल एवढी जमीन देशात नाही, तेव्हा भूमिहीनाने शेतीबाहेर पडून ग्रामोद्योगात आणि लघुउद्योगात काम शोधावे. तर्क म्हणून हे खोटे नाही. परंतु कुळाला त्यांनी कधी सांगितले नाही की, उद्योग वाढेपर्यंत थांब. त्याच्यासाठी त्यांनी आज, या अधिवेशनात, कलमवार कायदा मागितला. मजुराला मात्र त्यांनी विकासाच्या भविष्यकाळावर सोपवले. एकाला कायदा आणि दुसऱ्याला आशा, हा भेद वकिलाच्या मनात नकळत होतो. न्यायालयात पक्षकाराच्या बाहेरचा माणूस एक तर साक्षीदार असतो नाही तर प्रतिवादी.

१९६७ साली ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि ३ एप्रिलला संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त समाजवादी पक्ष त्या सरकारात होता. अलाभकारी जोतीवरील सारा रद्द करा, ही आपली मागणी होती. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनीच ती मान्य केली नाही. राज्याचा महसूल बुडेल आणि साराच गेला तर जमिनीवरचा शेतकऱ्याचा हक्कही डळमळेल, असे त्यांना वाटे. हे सरकार वर्षभरही टिकले नाही. दोष एकट्या त्यांचा नव्हता. आघाडीत राहून आपल्याच सरकारविरुद्ध रोज नवे आंदोलन करण्याची आपली हौसही त्याला कारण होती, हे आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर कबूल करायला हरकत नसावी.

१९६९ च्या मध्यावधीत त्यांच्या भारतीय क्रांती दलाला विधानसभेच्या ९८ जागा मिळाल्या. १९७१ साली मुझफ्फरनगरला लोकसभेसाठी उभे राहून ते कम्युनिस्ट उमेदवाराकडून पराभूत झाले. १९७४ साली भारतीय लोकदल स्थापन झाले आणि संयुक्त समाजवादी पक्षातील बरेच सहकारी त्यात गेले. १९७७ साली जनता पक्षाने ज्या चिन्हावर निवडणूक लढवली, ते चक्रातील नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह याच लोकदलाचे होते.

त्याच वर्षी, २७ मे रोजी, बिहारमधील बेलछी गावी अकरा जणांची हत्या झाली. बळी पडलेल्यांत बहुसंख्य दलित होते. हल्लेखोर जमीनवाल्या मध्यम जातीचे होते. चरणसिंग केंद्रीय गृहमंत्री होते. संसदेत सरकारच्या वतीने प्रथम जे निवेदन झाले, त्यात ही दोन गुंड टोळ्यांमधली चकमक असल्याचे सांगण्यात आले. तेथे जाऊन आलेल्या खासदारांनी ते मान्य केले नाही. चरणसिंगांच्या अंगी क्रौर्य होते, असे मी म्हणणार नाही. ते स्वतः अत्यंत साधे आणि आर्थिक व्यवहारात निष्कलंक गृहस्थ होते. परंतु खेडे म्हणजे शहराकडून लुबाडले जाणारे एकसंध कुटुंब, हे चित्र त्यांच्या मनात इतके पक्के होते की, त्या कुटुंबातला एक भाऊ दुसऱ्याला जिवंत जाळू शकतो, हे त्यांच्या विचारात बसेना. जे विचारात बसत नाही ते डोळ्यांना दिसत नाही.

१९७९ सालच्या फेब्रुवारीत अर्थमंत्री म्हणून त्यांनी अंदाजपत्रक मांडले. मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो. खतांवरील कर घटवला, लघुसिंचनाला आणि ग्रामीण विद्युतीकरणाला पैसा दिला, शहरी उपभोगाच्या अनेक वस्तूंवर उत्पादनशुल्क वाढवले. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला 'कुलकांचे बजेट' म्हटले. आमच्या वसतिगृहात रात्री दोन तट पडले. शहरातली मुले चिडलेली, आम्ही शेतकऱ्यांची मुले खुशीत. माझ्या शेजारच्या खोलीत एका शेतमजूर बाईचा मुलगा राहत असे. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्या बापाचं खत स्वस्त झालं, चांगलंच झालं. माझ्या आईची मजुरी किती वाढली तेवढं सांगा." आम्ही दोन्ही तटांचे लोक गप्प झालो. त्यानंतर पस्तीस वर्षे मी अर्थशास्त्र शिकवले. शेतमालाला रास्त भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, असे त्याला त्या रात्री सांगायला हवे होते, असे मला पुष्कळ दिवस वाटे. आता वाटत नाही. मजूर धान्य विकत घेतो. भाव आज वाढतो; मजुरी वाढलीच तर उशिरा वाढते, आणि ती वाढावी यासाठी कोणीतरी तिचे वकीलपत्र घ्यावे लागते.

ते वकीलपत्र त्याच महिन्यांत अन्यत्र घेतले गेले होते, हे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी आठवावे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली, १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने बांधली गेली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला काम, असा त्याचा हिशेब होता. ज्या बाईचे नाव सातबाऱ्याच्या कोणत्याच रकान्यात नव्हते, तिचे नाव प्रथमच एका सरकारी कागदावर हक्काने आले. तो कागद म्हणजे हजेरीपट, मस्टर. त्या मस्टरवर खोटे अंगठे उठले, पैसे खाल्ले गेले, हे सारे खरे आहे. तरीही २००५ साली देशाने हेच तत्त्व कायद्यात घेतले. चौथ्या पायरीसाठीही कलमवार कायदा करता येतो, हे त्याने सिद्ध झाले.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. २८ जुलै १९७९ रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले. ज्या काँग्रेसविरुद्ध लढून ते दिल्लीत पोहोचले होते, तिच्याच पाठिंब्यावर हे सरकार उभे होते. पाठिंबा काढला गेला आणि २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाता, त्यांनी राजीनामा दिला. १४ जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू राहिले. २९ मे १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत पश्चिम उत्तर प्रदेशात जाट आणि मुसलमान शेतकरी एकत्र मतदान करीत. २०१३ साली मुझफ्फरनगरच्या दंगलीत ती वीण उसवली, आणि तिथल्या उसाच्या फडांतून राबणारी मजूर कुटुंबे गाव सोडून छावण्यांत गेली. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात ती वीण पुन्हा जोडण्याचा प्रयत्न झाला. शेतकरी-मजूर एकतेची घोषणाही दिली गेली. घोषणा योग्यच होती. परंतु भाताच्या लावणीची मजुरी किती, हा प्रश्न निघाला की ती घोषणा कितपत टिकते, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

मित्रहो, आपल्या तालुक्यांतून आजही तरुण वकील चळवळीत येतात. भूसंपादनाचे, पीकविम्याचे, वनहक्काचे दावे ते चालवतात आणि लोक त्यांना निवडणुकीला उभे करतात. हे स्वागतार्ह आहे. कागद वाचता येणारा उमेदवार आपल्याला हवाच. ज्याला मसुदा करता येत नाही तो विधानसभेत दुसऱ्याच्या मसुद्यावर हात वर करतो. चरणसिंगांकडून हे शिकण्यासारखे आहे. पण वकील आणि प्रतिनिधी यांत एक फरक आहे. वकिलाने आपल्या पक्षकाराशीच इमान राखावे, हा त्याचा धर्म. प्रतिनिधी मात्र ज्याने मत दिले त्याचा असतो, ज्याने दिले नाही त्याचा असतो, आणि आपल्याच पक्षकाराविरुद्ध ज्याची तक्रार आहे त्याचाही असतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. पुढील निवडणुकीत आपण एखाद्याला उमेदवारी देण्यापूर्वी त्याची मुलाखत पक्षकार्यालयात जरूर घ्यावी. परंतु एक बैठक त्याच्या गावच्या मजूर वस्तीत, बायका कामावरून परतल्यानंतर, संध्याकाळी घ्यावी. त्याच्या शेतावर मजुरी काय दिली जाते, हे त्याला तिथे विचारले जाईल. त्या प्रश्नाला तो सर्वांसमक्ष काय उत्तर देतो ते ऐकावे, आणि मग ठरवावे.